महोत्सवाच्या माळावर तंबू, बरोबर लेकरं आणि वर भरून आलेलं आभाळ

संगीत महोत्सवाला सहकुटुंब जायचं म्हटलं की सगळे आधी तंबूकडे बघतात. मी आधी गाडीकडे बघते. तंबू झोपायला बरा, दुपारी आडवं व्हायला बरा, रिमझिम पावसात गप्पा मारायला तर फारच छान. पण विजा कडाडू लागल्या की निवारा म्हणून त्याचा काडीचा उपयोग नाही. कापड आणि काठ्या वीज अडवत नाहीत, मग तंबू कितीही भारीतला असो. अशा वेळी खरे आसरे दोनच: भिंती-छपराची पक्की इमारत, नाहीतर पत्र्याच्या टपाची, काचा पूर्ण वर केलेली गाडी. उघड्या माळावरच्या महोत्सवात पक्की इमारत सहसा जवळपास नसतेच. उरली गाडी. म्हणून माझं सगळं नियोजन एका प्रश्नाभोवती फिरतं: घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला घेऊन तंबूपासून गाडीपर्यंत पोचायला किती मिनिटं लागतात, आणि तेवढी मिनिटं शिल्लक असताना आपण उठणार का?

आमच्यात सावकाश चालणाऱ्या म्हणजे सासूबाई. गाण्याची हौस आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त, पण गुडघे साथ देत नाहीत. त्यांच्याखेरीज नवरा, बारा वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा धाकटा. धाकट्याला कडेवर घेऊन भराभर चालता येतं. सासूबाईंच्या बाबतीत ते शक्य नाही, आणि तसं गमतीत सुचवलेलंही त्यांना आवडत नाही. तुमच्याकडे तान्हं बाळ असेल किंवा कुणाचा पाय मुरगळलेला असेल, तर त्या माणसाचा वेग तोच सगळ्यांचा वेग धरा.

निघण्याआधी

हवामानाचा अंदाज बघताना लोक पावसाची टक्केवारी वाचतात आणि सुस्कारा सोडतात. पावसाने तंबू भिजतो, वाऱ्याने तो मोडतो. त्यामुळे मी तासातासाच्या अंदाजात वाऱ्याच्या झोतांचा आकडा शोधते. सरासरी वेग आणि झोतांचा वेग वेगळा दिलेला असतो, आपल्याला झोतांचा हवा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ३० किलोमीटरचा वारा ६० वर गेला की तंबूवर येणारा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. घरातले सगळे उभे राहू शकतील असे उंच तंबू दिवसभर मजेचे असतात, पण वाऱ्यात त्यांचं शीड होतं. ताशी ५० च्या पुढचे झोत दिसले की आमचा उंच तंबू घरीच राहतो आणि दोन बुटके तंबू निघतात. लेक कुरकुर करते, करू दे.

वाऱ्याच्या आकड्यासोबत 'गडगडाटी वादळ' असा उल्लेख आहे का, तेही बघायचं. नुसता संततधार पाऊस आणि उकाड्यानंतर दुपारी उसळणारं वादळ ही वेगवेगळी प्रकरणं आहेत. पहिल्यात चिकाटी लागते, दुसऱ्यात घड्याळ.

तंबू नवा असेल तर एकदा घरी उभा करून त्यावर पाणी ओता. शिवणींतून गळतं, कापडातून क्वचितच. कापडाच्या चिठ्ठीवर मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो, तो पाण्याचा किती उंच स्तंभ कापड अडवेल ते सांगतो. छतासाठी दीड हजार पुरतो, पण तळ आपल्या गुडघ्याखाली, कोपराखाली दाबला जातो, म्हणून तळाचा आकडा बराच जास्त हवा. तंबूखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या कडेच्या आतच राहिली पाहिजे. ती चार बोटं बाहेर आली की छतावरून ओघळलेलं पाणी त्यावर साचतं आणि थेट पाठीखाली येतं.

कपड्यांबद्दल एकच आग्रह आहे: प्रत्येकाचा एक कोरडा संच, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर नाव लिहून. आणि ही पिशवी तंबूत ठेवायची नाही. ती गाडीत राहते. तंबूत ठेवलेलं सगळं एका रात्रीत ओलं होऊ शकतं, हे गृहीत धरूनच सामानाची वाटणी करायची. गाडीत कोरडे कपडे, एक जाड पांघरूण, पिण्याचं पाणी, न शिजवता खाता येईल असं काहीतरी, रोजची औषधं, एक भरलेली पॉवर बँक. पावसाची शक्यता असेल तर सुती कपडे कमी घ्या. ओलं सुती कापड अंगाला चिकटून राहतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे ओले झाले तरी थोडी ऊब देतात.

तिकिटाच्या अटी वाचायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, तरी तीन गोष्टी शोधाच. गाड्या तंबूंच्या शेजारी लावता येतात की वेगळ्या तळावर? एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेतात का? हवामानामुळे रद्द झालं तर पैशांचं काय? शेवटचा प्रश्न कल्पनेतला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतला बोनारू महोत्सव आयडा चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने तंबूंची मैदानं भिजून गेल्यामुळे सुरू होण्याच्या अगदी तोंडावर रद्द झाला होता. २०२३ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवाने चिखलामुळे प्रवेश मध्येच थांबवला आणि वाटेत असलेल्या लोकांना 'पुढे येऊ नका' असं कळवलं. तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी आयोजकांची सूचना बघितल्याशिवाय गाडीची किल्ली फिरवायची नाही.

जागा धरताना

लोक व्यासपीठाच्या जवळची जागा शोधतात. तुम्ही गाडीच्या वाटेवरची शोधा. लेकरं बरोबर असताना व्यासपीठापासून लांब असण्याचे फायदे तसेही पुष्कळ आहेत, रात्रीची झोप हा त्यातला पहिला.

जमीन वाचायला वेळ द्या. सपाट वाटणाऱ्या मैदानालाही उतार असतो. पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा. गवत एकाच दिशेला झोपलेलं असेल, बारीक काड्या आणि पाचोळा ओळीने साचला असेल, तर तिथून पाणी वाहून गेलेलं आहे आणि पुन्हा जाणार आहे. ग्लॅस्टनबरीला २००५ साली जूनमधल्या एका सकाळी वादळी पाऊस कोसळला आणि उताराच्या तळाशी असलेले कित्येक तंबू पाण्यात गेले, त्याच शेतातले वरच्या अंगाचे तंबू मात्र उभे राहिले. एकट्या उंच झाडाखाली जागा धरू नका. त्याची सावली दुपारी मोहात पाडते, पण वीज उंचावर पडते आणि वाळलेली फांदी नुसत्या वाऱ्यानेही पडते. दिव्यांचे मनोरे, मोठे पडदे आणि जनरेटर यांच्यापासूनही लांब राहा.

खुंट्या ठोकायचं काम आमच्याकडे लेकीचं. तिला मी एकच शिकवलंय: खुंटी सरळ उभी ठोकायची नाही, तिचं डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं आणि टोक जमिनीत तंबूच्या दिशेला गेलेलं. मग दोरी ओढली जाते तेव्हा खुंटी उपटत नाही, मातीत आणखी रुतते. ठोकून झाल्यावर ती खुंटीच्या डोक्याला दोन बोटं लावून हलवून बघते. हलली की काढायची, वीतभर सरकून परत ठोकायची. तंबूसोबत मिळणाऱ्या तारेसारख्या बारीक खुंट्या कडक जमिनीत वाकतात आणि ओल्या मातीत लोण्यातून निघावं तशा निघतात. लांब, रुंद पात्याच्या दहा-बारा खुंट्या वेगळ्या आणा, तंबूइतकाच खर्च त्यांच्यावर झाला तरी मला चालेल. ताणाच्या सगळ्या दोऱ्या पहिल्याच दिवशी बांधायच्या, ऊन असलं तरी. 'लागल्या तर बांधू' म्हणणारे शेजारी वारा सुटल्यावर अंधारात दोऱ्या उलगडत बसलेले दिसतात. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, म्हणजे पोरं अडखळत नाहीत. दार वाऱ्याच्या पाठीकडे. पाऊस थांबला की दोऱ्या पुन्हा ताणून घ्यायच्या, कारण भिजल्यावर तंबूचं कापड सैल पडतं.

हे सगळं झालं की उजेडातच सगळ्यांनी मिळून गाडीपर्यंत चालून यायचं. माझा हा हट्टच असतो. सासूबाईंच्या चालीने आम्हाला कोरड्या जमिनीवर साधारण बारा मिनिटं लागतात, चिखलात दुप्पट धरते. वाटेतल्या खुणा पोरांना मोठ्याने म्हणायला लावायच्या: नळ, मग निळी संडासं, मग आकडा लिहिलेला खांब, मग फाटक. गाडी लावलेल्या जागेचा फोटो काढायचा, आणि गाडीच्या दोन किल्ल्या दोन मोठ्या माणसांकडे द्यायच्या. एकच किल्ली असेल आणि ती नवऱ्याच्या खिशात दुसऱ्या व्यासपीठासमोर नाचत असेल, तर गाडी असून नसल्यासारखी. चालून येताना आयोजकांच्या माणसाला विचारा की वादळ आलं तर लोकांना कुठे नेणार. काही ठिकाणी गाडी नसलेल्यांसाठी बस उभ्या करून ठेवतात. नीट उत्तर मिळालं नाही तर तेही कळलं.

इथे गडगडाट ऐकू येत नाही

विजेचा नियम सगळ्यांना पाठ असतो. लखकन चमकल्यावर सेकंद मोजायचे, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडलं, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, उठा. खरं तर गडगडाट ऐकू आला म्हणजेच आपण टप्प्यात आहोत, कारण वीज ढगापासून पंधरा किलोमीटर आणि त्याहूनही लांब, कोरड्या जमिनीवर पडू शकते.

हा नियम शांत शेतात चालतो. महोत्सवात तो निकामी होतो, आणि हे कुणी सांगत नाही. गडगडाट खर्जातला आवाज आहे आणि मोठ्या स्पीकरमधून येणारा ठेकाही खर्जातलाच. छातीत धडधडणाऱ्या त्या आवाजात दूरचा गडगडाट पार विरघळून जातो. पोरांच्या कानांवर आवाज कमी करणारे मफ असतात (असायलाच हवेत), त्यांना तर काहीच कळणार नाही. रात्री व्यासपीठावरचे दिवे सतत लखलखत असतात, त्यात आभाळातली लखलख वेगळी कशी ओळखणार? आणि फोनवर विजेचा नकाशा बघू म्हणाल, तर हजारो लोक एकाच टॉवरवर तुटून पडलेले असतात. नकाशा चालला तर उत्तम, ते ॲप टाकून ठेवाच, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

म्हणून आमच्याकडे पाळी असते. दर तासाला एक मोठा माणूस आभाळाचा. त्याने गाणं ऐकावं, हरकत नाही, पण दर दहा मिनिटांनी व्यासपीठाकडे पाठ करून चारही दिशांना बघायचं. बघायचं ते हे: वर चढत जाऊन माथ्यावर ऐरणीसारखा पसरलेला ढग, खालून गर्द आणि सपाट. उकाड्यात अचानक आलेली गार हवा. आणि वाऱ्याची बदललेली दिशा. वादळ जवळ येताना आधी वारा त्याच्याकडे ओढला जातो, मग ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवरून उलट्या दिशेने पसरते. ती पावसाच्या काही मिनिटं आधी येते आणि तंबू मोडणारे झोत बहुतेक वेळा तिचेच असतात.

ही कला सासूबाईंना आमच्यापेक्षा चांगली जमते. एका संध्याकाळी त्या घडीच्या खुर्चीत बसून गात्या गळ्याला दाद देत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "अगं, झेंडे फिरले बघ." लोकांनी आपापल्या तंबूवर उंच काठ्यांना झेंडे लावलेले असतात. दिवसभर ते सगळे व्यासपीठाकडे फडफडत होते. आता एकदम लुळे पडले, काठीला चिकटले, आणि मग एकेक करत उलट्या बाजूला ताठ झाले, लांबच्या रांगेतले आधी, मग आमच्या जवळचे. गळ्याशी गार वारा लागला. आभाळ आमच्या डोक्यावर अजून निरभ्र होतं, लोक नाचत होते. आम्ही उठलो. सासूबाईंनी चालता चालता गाण्याची ओळ पूर्ण केली.

दुसरी खूण व्यासपीठावरच मिळते. वारा वाढायला लागला की तंत्रज्ञ बाजूचे कापडी पडदे सोडवतात, टांगलेले स्पीकर किंवा मोठा पडदा खाली घेतात. अधिकृत घोषणा त्यानंतर येते. काळ्या कपड्यातली माणसं मनोऱ्यांवरून घाईने उतरताना दिसली की पुढच्या गाण्याची वाट बघू नका. घोषणा झाल्यावर सगळं मैदान एकाच फाटकाकडे वळणार आहे आणि त्या गर्दीत पाच वर्षांचं पोर बरोबर असणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

उठल्यावर

वारा आहे पण वीज नाही, अशी खात्री असेल तर पाच मिनिटं तंबूवर घालवा. दोऱ्या ताणा, दारं बंद करा, बाहेरच्या खुर्च्या-टेबल मोडून आत टाका. उन्हासाठी लावलेली चार पायांची छत्री असेल तर ती सगळ्यात आधी खाली घ्या, वादळात उडून दुसऱ्यांना लागते ती हीच. झोत फारच वाढणार असं दिसलं तर तंबूच्या काठ्या काढून तो सपाट पाडा आणि त्यावर सामानाचं वजन ठेवा. पडलेला तंबू ओला होईल, पण मोडणार नाही. वीज चमकत असेल तर यातलं काहीही करायचं नाही. धातूच्या काठ्या हातात धरून उघड्यावर उभं राहण्यापेक्षा तंबू गेलेला परवडला.

पोरांचा हात धरताना तळहात नको, मनगट धरा. ओला तळहात सटकतो. गर्दी दाटली तर तिच्याविरुद्ध जोर लावू नका, ती सरकते त्याच दिशेने पण तिरकं तिरकं कडेला निघा. चप्पल निघाली तर वाकायचं नाही, चप्पल दुसरी मिळते. व्यासपीठ, मनोरे, पडदे, जाळीची कुंपणं टाळून चला.

मोठे मंडप फसवे असतात. पाऊस सुरू झाला की पाय आपोआप तिकडे वळतात. बेल्जियममधल्या पुक्केलपॉप महोत्सवात १८ ऑगस्ट २०११ रोजी थोड्याच वेळाच्या वादळाने मोठे मंडप आणि मनोरे कोसळले आणि पाच जणांचा जीव गेला. जर्मनीतल्या रॉक आम रिंगमध्ये २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं वीज पडून कित्येक जण जखमी झाले. मंडप, झाड, प्लास्टिकची संडासं, दुकानांच्या छत्र्या, यातलं काहीही आसरा नाही. पाय जुळवून उकिडवं बसण्याचा जुना सल्ला अजून फिरतो. त्याने बचाव होत नाही, चालत राहा.

गाडीत बसल्यावर काचा वर, हात मांडीवर. दाराच्या धातूला टेकू नका, चार्जरला लावलेला फोन कानाला लावू नका. गाडी वाचवते ती टायरच्या रबरामुळे, असं बरेच जण समजतात. वीज पत्र्याच्या कवचावरून बाहेरूनच जमिनीत उतरते म्हणून आपण वाचतो. त्यामुळे कापडी टपाच्या गाडीचा या कामी उपयोग नाही. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून पूर्ण अर्धा तास थांबायचं. मध्ये पुन्हा एक ऐकू आला की घड्याळ परत शून्यावर. ऊन पडलं, लोक बाहेर निघाले, शेजारच्या गाडीतली पोरं चिखलात उड्या मारायला लागली, तरी अर्धा तास.

कुणावर वीज पडलीच, तर त्या माणसाला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला मदत आणायला धाडा.

पोरांचं

रोज सकाळी कपडे घालून झाले की दोघांचा फोटो काढते, म्हणजे हरवलं तर 'काय घातलं होतं' हे आठवत बसावं लागत नाही. मनगटावर न पुसणाऱ्या शाईने दोन फोन नंबर. चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवलेली, आणि वादळात ती तंबू नाही, गाडी. एकट्याने गाडी शोधणं धाकट्याला जमणार नाही, म्हणून त्याला सांगितलंय: चकचकीत जॅकेट आणि वॉकीटॉकीवाल्या माणसाला गाठायचं आणि मनगट दाखवायचं. फोन लागत नसतील तर लघुसंदेश पाठवा, कॉल जात नाही तेव्हाही तो बऱ्याचदा पोचतो.

भीतीचं म्हणाल तर पोरं आभाळापेक्षा आपल्या चेहऱ्याकडे बघतात. धाकट्याला मी काम देते. विजेरी त्याच्याकडे, आणि वाटेतल्या खुणा त्याने ओरडून सांगायच्या. "नळ आला! संडास आलं!" एवढ्यात त्याचं लक्ष गुंततं. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं होतं, वीज आपल्याला शोधते का. लेकीने परस्पर सांगून टाकलं की ती उंच गोष्टी बघते आणि तू उंच नाहीस. शास्त्राच्या दृष्टीने अपुरं उत्तर होतं, पण त्या वेळी मी दुरुस्त केलं नाही.

वादळानंतरची रात्र

तंबूकडे परतल्यावर आधी खाली बघा, मग वर. तुटलेल्या वायरी, पाण्यातले विजेचे खोके, लोंबकळणाऱ्या फांद्या. वाहत्या पाण्यातून पोरांना चालवू नका. वेगाने वाहणारं वीतभर पाणीही मोठ्या माणसाला पाडतं आणि सुमारे ३० सेंटीमीटर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते.

झोपायच्या पिशव्या कोरड्या आहेत का, यावर रात्रीचा निर्णय ठरतो. कोरड्या असतील तर तळ पुसून, गाद्या उलटून झोपता येतं. ओल्या असतील आणि रात्रीतून पुन्हा वादळ येणार असेल तर आम्ही गाडीतच झोपतो. अवघडून, कुणाचा पाय कुणाच्या तोंडाशी, पण कोरडं. मध्यरात्री थकलेल्या अवस्थेत, सगळ्यांबरोबर चिखलाच्या रांगेत लागून घरी निघायला माझा ठाम विरोध असतो. पहाटे निघा, रांग नसते आणि डोळे उघडे असतात. इंजिन चालू ठेवून झोपायचं मात्र नाही. मागची नळी चिखलात बुडाली असेल तर धूर आत येतो.

तंबूत ऊब यावी म्हणून स्टो किंवा विझत आलेली शेगडी आत घेणं हा या साऱ्यातला सगळ्यात घातक प्रकार आहे, विजेपेक्षा मला त्याची भीती जास्त वाटते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, खोकला येत नाही, माणूस झोपेतच जातो. निखारे राखेखाली गेले तरी तो वायू बाहेर पडत राहतो. दार थोडं उघडं ठेवलंय म्हणूनही चालत नाही. ऊब हवी तर कोरडे कपडे, टोपी, काहीतरी गोड खाणं आणि एकमेकांना चिकटून बसणं. पोर कुडकुडतंय तोवर त्याचं शरीर झगडतंय. कुडकुडणं थांबलं, पण ते पेंगतंय, बोलणं अडखळतंय, तर ती सुधारणा समजू नका. ओले कपडे काढा, गुंडाळा आणि वैद्यकीय तंबू गाठा.

दुसऱ्या दिवशी फाटकं बंद असू शकतात. २०२३ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात बर्निंग मॅनला पावसाने चिखल झाला, गाड्या हलवायला मनाई झाली आणि हजारो लोकांना अन्नपाणी जपून वापरायला सांगण्यात आलं. गाडीतलं पाणी आणि कोरडा खाऊ याचसाठी ठेवलेला असतो, पहिल्याच दुपारी पोरांना तो फोडू देऊ नका. निघायला मिळालं की खालच्या गिअरमध्ये, हळू पण न थांबता चला. चाक जागेवर फिरायला लागलं की पाय उचला. जोर लावाल तितकं खोल जाल. चाकाखाली पायपुसणी किंवा जुनी चटई घाला, नाहीतर ट्रॅक्टरवाल्याची वाट बघा. ढकलायला कुणी उभं राहिलं तर फिरणाऱ्या चाकाच्या मागे उभं राहू देऊ नका, आणि पोरांना तर आसपासही नको.

रद्द झालेल्या कार्यक्रमाची घोषणा फोनवर दिसली की तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, तिकीटही जपा. परताव्याची मुदत असते.

घरी आल्यावर

अंघोळीआधी तंबू उघडा. ओला गुंडाळलेला तंबू एक-दोन दिवसांतच कुबट होतो आणि बुरशीचे काळे डाग नंतर काही केल्या जात नाहीत. जिना, गॅलरी, दोन खुर्च्यांमधली दोरी, जिथे पसरता येईल तिथे पसरा. चिखल ओला असताना घासू नका, वाळला की झटकून निघतो, उरलेला साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. वॉशिंग मशीनमध्ये टाकलात तर पाणी अडवणारा थर जातो. चेन दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा, वाळूचा एक कण पुढच्या वेळी पावसात दार अडवून ठेवतो. काठ्यांच्या आतला लवचिक दोर सैल पडलाय का ते बघा. वाकलेल्या खुंट्या सरळ करता येतात, पण दुसऱ्यांदा वाकलेल्या टाकून द्या. मग उरलेल्या मोजून पिशवीत भरा, आणि जितक्या कमी पडतील तितक्या त्याच आठवड्यात आणा.